रपट्याचा काना

शेलूबाजारच्या बैलबाजारात दिलावरभाईचा दुपट्टा म्हणजे कोर्ट होतं. विकणारा एका बाजूला, घेणारा दुसऱ्या बाजूला आणि मधे दिलावर. खांद्यावरचा दुपट्टा पसरून तो त्याखाली एकेकाचा हात धरायचा आणि बोटं दाबून भाव विचारायचा, भाव सांगायचा. भोवती उभ्या असलेल्या पन्नास रिकामटेकड्यांना त्यातलं काही कळायचं नाही. दिलावरने दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला की सौदा झाला, आणि दुपट्टा ओढून घेऊन हात मोकळे दाखवले की मोडला, एवढंच काय ते दिसायचं.

बाजाराचा आणखी एक कायदा होता. तो कुठल्याही पुस्तकात छापलेला नव्हता, म्हणून सगळे पाळायचे. घेतलेल्या बैलाला पुढे खोड निघाली, म्हणजे तो मारका निघाला किंवा जुंपल्यावर वावरातच बसायला लागला, तर घेणाऱ्याने विकणाऱ्याच्या दारात जायचं नाही. त्याने दलालाकडे यायचं. दलालाने ते जनावर आपल्या दारात बांधायचं, दुसरं गिऱ्हाईक मिळेपर्यंत त्याचं चारापाणी करायचं, आणि तोवर शेतकऱ्याचं काम अडू नये म्हणून स्वतःची जोडी त्याला द्यायची. सत्तावीस वर्षांत दिलावरच्या दारात असा बैल एकदाच बांधला गेला होता. त्याची आठवण काढली तरी तो अजून खाली मान घालायचा.

अशा या माणसाने एकोणीसशे सव्वीस साली बैल सोडून माणसाचा सौदा केला.

नागपूरच्या कौन्सिलची निवडणूक होती आणि आपल्या भागातून रिठदचे दौलतराव पाटील उभे होते. मत सगळ्यांना नव्हतंच. ज्याचा सारा मोठा, त्यालाच मत. घोगऱ्या नाल्यापलीकडच्या तीन गावांत मिळून असे एकतीस लोक होते आणि त्यांचा म्होरक्या होता मारोतराव. खुद्द दिलावरला दौलतरावांना मत देता येत नव्हतं, कारण मुसलमानांचा मेंबर वेगळा आणि त्याची निवडणूकही वेगळी. सरकारने माणसं वेगळी केली होती, नाला मात्र दोघांत एकच ठेवला होता. त्या नाल्याने आदल्याच पावसाळ्यात मारोतरावची बाजाराला निघालेली जोडी गिळली होती, आणि ती जोडी दिलावरनेच लावून दिलेली होती.

म्हणून दिलावर मधे पडला. कडुलिंबाखाली दुपट्टा पसरला गेला. मारोतरावने तीन बोटं दाबली, मग एक. एकतीस मतं. दौलतरावांनी एकच बोट दाबलं. एक रपटा.

रपटा म्हणजे पूल नव्हे. पुलाला सरकारचा पैसा लागतो आणि लाटसाहेबाची कात्री लागते. रपटा म्हणजे नाल्याच्या तळाशी दगड-चुन्याची बसकी वाट. पाणी वरून वाहून जातं, आणि बैलाचा पाय चिखलात रुतत नाही. एवढीशी गोष्ट. दिलावरने दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला. दौलतराव निवडून आले, गुलाल उधळला, आणि मेंबरसाहेब नागपूरला गेले.

दीड वर्षाने भरबाजारात मारोतराव दिलावरसमोर येऊन उभा राहिला. मागे पलीकडची आठ-दहा माणसं.

"दिलावरभाई, तुमचं जनावर बसलं," मारोतराव म्हणाला.

"कोन्तं? या महिन्यात मी तुमाले काहीच देल्लं नाई."

"नागपूरले बांधलं हाय ते."

आजूबाजूची माणसं जवळ सरकली. दिलावरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"दीड वरीस झालं," मारोतराव सांगू लागला. "मास्तर दर आठोड्याले पेपर वाचून दाखोते. याच्या मेंबरनं हे इचारलं, त्याच्या मेंबरनं ते इचारलं. आपल्या मेंबरचं नाव कुठीच नाई. जुंपलं का बसते. खोड नाई तं काय म्हनाव याले?"

"अवो, पेपरवाले काय सगळं छापतात?"

"ते मले ठाव नाई. सौदा तुमच्या दुपट्ट्याखाली झाला. जनावर परत घ्या, नाई तं आमी समजू का दिलावरभाईच्या बोटाले काही अर्थ नाई."

त्या दिवशी दिलावरच्या दुपट्ट्याखाली कोणी हात घातला नाही. दोन सौदे त्याच्या डोळ्यांदेखत शेजारच्या दलालाकडे गेले. सत्तावीस वर्षांची अब्रू एका बाजारात धुळीला मिळते, हे त्याला तेव्हा कळलं. संध्याकाळी त्याने मारोतरावला गाठलं.

"खोड ठरवाच्या आंधी जनावर तीन दिवस पाहा लागते," तो म्हणाला. "बाजाराचा कायदा हाय. मी सोता नागपूरले जातो. उठते का बसते, मोजून आनतो. बसकंच निघालं तं परत घेतो."

घरी बायकोने, हलिमाने, त्याची बोचकी बांधता बांधता विचारलं, "अजी, बैल पाह्याले एवढ्या दूर कायले जाता?"

"बैल नाई. मेंबर पाह्याचा हाय."

"मंग त्याचे दात पाहू देईन का थो तुमाले?"

कारंज्यापर्यंत बैलगाडी, तिथून छोट्या गाडीने मूर्तिजापूर आणि मग मोठी गाडी, असा दिलावर दुसऱ्या दिवशी नागपूरला पोचला. कौन्सिलच्या दारावर उदयसिंग नावाचा चपराशी होता. तो निघाला आपल्याच भागातल्या मेडशीचा. त्याच्या बापाला दिलावरने एकदा असा बैल दिला होता की बाप मेला तरी बैल चालत होता. त्यामुळे चिठ्ठीचपाटीची फार कटकट न होता दिलावर वरच्या सज्जात जाऊन बसला.

खाली लांबलचक हॉल होता. एका उंच खुर्चीवर अध्यक्ष, आणि दोन्ही अंगांना कोटवाले, पगडीवाले, टोपीवाले मेंबर. बाजाराची मांडणी दिलावरला ओळखीची वाटली, फक्त शेण नव्हतं. उजवीकडे तिसऱ्या ओळीत दौलतराव बसले होते. बसले होते म्हणजे असे बसले होते, की दिलावरने सज्जाचा कठडा धरला. बसक्या बैलाची बैठक त्याला लांबूनही कळायची. सगळं वजन मागच्या अंगावर, मान सैल, डोळे अर्धे मिटलेले.

दिलावरने आपली पद्धत ठरवली होती. मेंबर उठला की दुपट्ट्याच्या टोकाला एक गाठ. अध्यक्ष आत येताना सगळेच उठायचे, ते धरायचं नाही. कळपाबरोबर उठणं म्हणजे उठणं नव्हे.

पहिल्या दिवशी गाठ नाही. दुसऱ्या दिवशी गाठ नाही. फक्त मधूनमधून अध्यक्ष काहीतरी इंग्रजीत विचारायचे, आणि निम्मे मेंबर एकदम ओरडायचे, "आय!" त्यात दौलतरावही असायचे. डोळे न उघडता ते खणखणीत आवाजात "आय" म्हणायचे. दिलावर घाबरला.

"काय दुखून राह्यलं बे यायले?" त्याने उदयसिंगला विचारलं. "एवढे मोठे लोक मायच्या नावानं काहून बोंबलतात?"

"दुखत नाई चाचा. आय म्हन्जे हो. ज्याले पटलं थो आय म्हन्ते."

"मंग आमच्या पाटलाले सगळंच पटते का?"

"साहेब कधीच 'नाई' म्हनत नाई," उदयसिंग कौतुकाने म्हणाला. "लय गरीब मेंबर हाय."

तिसरा दिवस उजाडला. दुपारचं ऊन खिडक्यांवर आलं. जंगल खात्याच्या हत्तीच्या चाऱ्यावर चर्चा चालू होती आणि ती सकाळपासून चालू होती. एका मेंबरचं म्हणणं हत्ती फार खातो, दुसऱ्याचं म्हणणं हत्ती खाणारच. दौलतरावांची हनुवटी छातीला लागली होती. दुपट्ट्याचं टोक दिलावरच्या हातात तसंच सरळ होतं. त्याला मारोतराव दिसू लागला, बाजार दिसू लागला, शेजारच्या दलालाच्या रुमालाखाली जाणारे हात दिसू लागले. हे जनावर परत घ्यायचं म्हणजे काय करायचं? दौलतरावांना नागपूरहून दाव्याने ओढत आणून दारात बांधायचं? त्याला रडू येईल असं झालं, आणि त्या भरात त्याच्या तोंडून, सत्तावीस वर्षं प्रत्येक बसलेल्या बैलासमोर निघालेला आवाज निघून गेला.

जीभ टाळूला लावून दोन वेळा. टक्, टक्.

हा आवाज शेलूबाजारात प्रसिद्ध होता. दिलावर असा आवाज काढायचा आणि बसलेला बैल उठायचा. बैल उठला की कडुलिंबाखाली बसलेलं गिऱ्हाईकही उठायचं, कारण आता बैल चालवून दाखवणार. दौलतरावांनी वीस वर्षं आपले सगळे बैल दिलावरच्या हातून घेतले होते. त्यामुळे भर कौन्सिलात, झोपेतच, मेंबरसाहेब ताडकन उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "चाल पाहू द्या!"

मग कोणीतरी हसलं, आणि मग सगळे हसले. हत्ती फार खातो म्हणणारा मेंबर मात्र खूश झाला. त्याच्या मते मुद्दा बरोबर होता. चाऱ्याचा खर्च मंजूर करायच्या आधी हत्तीची चाल पाहायला नको का? अध्यक्षांनी चष्मा सारखा केला आणि दौलतरावांकडे पाहून मान हलवली. म्हणजे, बोला.

दौलतरावांनी डोळे चोळले. समोर बैल नव्हता. त्यांनी वर पाहिलं तर सज्जात दिलावर दुपट्ट्याचं टोक धरून उभा. मेंबरसाहेबांच्या तोंडून एवढंच बाहेर आलं, "आमच्या घोगऱ्या नाल्यावर... रपटा पाह्यजे. रपटा!"

सरकारी बाकावरचा साहेब शेजारच्या कारकुनाच्या कानाशी लागला. कारकून होता तिकडे जबलपूरकडचा. तो काहीतरी पुटपुटला. साहेबाच्या चेहऱ्यावर एकदम समाधान पसरलं. "रपट? जरूर, जरूर. सरकार रपट देगी."

दिलावरने ते ऐकलं. साहेब लोकांच्या जिभेला आपल्या शब्दांचा शेवट झेपत नाही, हे त्याला ठाऊक होतं. वाशीमला बाशीम म्हणणारी माणसं ती. त्याने दुपट्ट्याच्या टोकाला एक गाठ मारली आणि ती दोनदा आवळली.

शेलूबाजारला परत आल्यावर त्याने ती गाठ मारोतरावला दाखवली, मग सगळ्या बाजाराला दाखवली. लोक गाठ बोटाने चाचपून पाहू लागले. महिन्याभरात कागदही आला. शाळेतल्या मास्तरांनी तो कडुलिंबाखाली वाचला. "मेंबर दौलतराव पाटील यांचे मागणीवरून घोगऱ्या नाल्याची रपट करण्याचे सरकारने मान्य केले आहे."

"रपटा म्हना मास्तर," मारोतराव म्हणाला.

मास्तरांनी कागद डोळ्याजवळ नेला. "काना नाही."

"मंग छापखान्यात पडला असन," मारोतराव म्हणाला, आणि सगळ्यांना ते पटलं. लग्नपत्रिकेत नवऱ्याचं नाव चुकवणारे लोक छापखान्यात असतात. एवढ्याशा कान्यासाठी सरकारशी कोण भांडणार? त्याच बाजारी दिलावरच्या दुपट्ट्याखाली पाच सौदे झाले, आणि हलिमाने त्या रात्री जेवणात गोड केलं.

पुढे श्रावणात, नाला दुथडी भरलेला असताना, सरकारी मोटार आली. त्यात एक इंजिनेर साहेब, एक ओव्हरसिअर आणि कागदांची पेटी. दगड नव्हते, चुना नव्हता. दिलावरला जरा चमत्कारिक वाटलं, पण मोठी कामं आधी कागदावर होतात, असं त्याने मनाशी म्हटलं. साहेबाला पलीकडचा काठ पाहायचा होता. मोटार नाल्यात शिरली आणि मधोमध बसली.

इथे शहाण्या माणसाने काय केलं असतं? दोन तास साहेबाला पाण्यात बसू दिलं असतं. बुटात बेडूक जाऊ दिले असते. साहेबाला सर्दी झाली असती आणि तीन गावांना रपटा मिळाला असता. पण दिलावर पडला बाजारातला माणूस. पाहुण्यासमोर जनावर दाखवायची संधी आली की त्याला राहवत नसे. धावत जाऊन त्याने आपली खास पांढरी जोडी आणली, मोटारीला दोर लावला, जिभेने टक्‌टक् केलं आणि साहेबाला पेटीसकट असं अलगद पलीकडे काढलं की साहेबाच्या हातातल्या कपातला चहासुद्धा सांडला नाही.

"वंडरफुल!" साहेब म्हणाले.

"पाह्यलं का साहेब, काय जोडी हाय!" दिलावर म्हणाला. साहेबाने ओव्हरसिअरला काहीतरी सांगितलं, ओव्हरसिअरने ते लिहून घेतलं, आणि दिलावरने दोघांनाही सलाम केला. परत येताना त्याने त्यांना पुन्हा तसंच अलगद काढलं.

रपट, म्हणजे त्या जबलपुरी कारकुनाच्या हिंदीतला अहवाल, हिवाळ्यात आली. चांगली जाड, शिवलेली, सरकारी शिक्क्याची. मास्तरांनी शेवटचं पान वाचलं. "सदर नाला ऐन पुरातही बैलांच्या साहाय्याने सुखरूप ओलांडता येतो, असे प्रत्यक्ष अनुभवास आले. सबब रपट्याची तूर्त आवश्यकता नाही."

तेवढ्या एका ठिकाणी शब्द बरोबर छापला होता.

कडुलिंबाखाली बसलेला मारोतराव खाकरला. तो रागावलेला नव्हता, आणि दिलावरला तेच जास्त लागलं.

"दिलावरभाई, तुमी मेहनत केली हे आमी पाह्यलं. पन खोड तं निघालीच. एक डाव उठलं अन् उठून भलतंच आनलं. परत घ्या."

"कसं घेऊ? थो मेंबर हाय मारोतराव. तीन वर्साचा पट्टा हाय त्याचा."

"मंग कायदा काय म्हन्ते?"

कायदा काय म्हणतो हे दिलावरला कोणी सांगायची गरज नव्हती. जनावर परत होईपर्यंत घेणाऱ्याचं काम अडू द्यायचं नाही. आपली जोडी द्यायची. तो घरी गेला, पांढऱ्या जोडीच्या पाठीवरून हात फिरवला, आणि हलिमाला म्हणाला, "बिस्मिल्ला कर. मेंबरच्या जागी आता आपले बैल जुपाचे हाय."

दोन पावसाळे तो घोगऱ्या नाल्यावर उभा राहिला. लेकरं घेऊन माहेरी निघालेल्या बाया, कापसाच्या गाड्या, वाशीमच्या दवाखान्यात नेलेला एक म्हातारा, सगळे त्याने पलीकडे काढले. कोणाकडून काही घेतलं नाही, कारण खोडीच्या बैलाचं भाडं कोणी घेतं का? बाजार मात्र त्याच्यावाचून चालायला शिकला. त्याच्या गुडघ्यांत पाणी शिरलं, असं हलिमा म्हणायची, आणि दौलतरावांच्या नावाने अशा काही शिव्या द्यायची की बैल कान टवकारायचे. दिलावर ऐकून घ्यायचा. दुपट्ट्याची ती एक गाठ त्याने सोडली नव्हती. कधी कधी पावसात उभा असताना तो ती बोटाने चाचपायचा आणि स्वतःवरच चिडायचा.

मग सरकारने एक वर्ष लांबवलेली पुढची निवडणूक आली आणि भादव्यात दौलतराव आले. नवी दमणी, म्हणजे बसायची हलकी बैलगाडी, नवे, शिंगं रंगवलेले बैल, नवा फेटा. अलीकडच्या काठावर उभे राहून त्यांनी भाषण केलं. पलीकडच्या काठावर मारोतराव धरून एकतीस मतदार ऐकत होते.

"राजेहो, मी काय केलं म्हून इचारतात लोक," दौलतराव गरजले. "सरकारकडून रपट कोनं आनली? मी आनली! अन् या नाल्यावर दोन वर्सापासून फुकटात बैलजोडी कोनं उभी केली? पाहा, थे उभी हाय!"

जोडीच्या शेजारी गुडघाभर पाण्यात उभ्या दिलावरच्या अंगाचा तिळपापड झाला.

"या ना पाटील इकडे," मारोतराव पलीकडून ओरडला. "मतं इकडे हायेत!"

दौलतराव दमणीत चढले. दिलावरची जोडी घ्या, असं कोणी म्हणालं, पण नवे बैल असताना मेंबर दुसऱ्याची जोडी कशी घेणार? दमणी नाल्यात उतरली. मधोमध आली. पाणी पोटाला लागलं, आणि डाव्या अंगाचा रंगीत शिंगांचा बैल शांतपणे खाली बसला. गाडीवान ओरडला, शेपटी पिळली, काही उपयोग नाही. दमणी एका अंगाला कलली.

"दिलावर!" मेंबरसाहेबांचा आवाज चिरकला. "उठव ना बाप्पा याले! पाहून काय राह्यला?"

दिलावर पाण्यातून चालत दमणीपाशी गेला. खांद्यावरचा दुपट्टा काढला, पसरला आणि दौलतरावांसमोर धरला. बाजार नाल्यात उतरला होता.

दौलतरावांनी दुपट्ट्याखाली हात घातला आणि एक बोट दाबलं. दिलावरचा हात हलला नाही. दौलतरावांनी दोन दाबली. मग तीन. पाण्याचा जोर वाढत होता. शेवटी त्यांनी पाचही बोटं दाबली आणि वर दुसऱ्या हाताने दिलावरचं मनगटही धरलं. म्हणजे रपटा, पूल, शाळा, दवाखाना आणि जे म्हणाल ते.

दिलावरने दुपट्टा ओढून घेतला आणि दोन्ही हात वर करून काठांवरच्या लोकांना मोकळे दाखवले.

"राजेहो, सौदा मोडला!" तो ओरडला. चार वर्षांचं साठलेलं सगळं त्या आवाजात होतं. "खोड खरी हाय. मी जनावर परत घेतलं!"

मग दाताने धरून त्याने दुपट्ट्याची गाठ सोडली. नागपुरात दोनदा आवळलेली ती, लवकर सुटली नाही. सुटल्यावर तो बैलासमोर वाकला आणि जिभेने आवाज काढला. टक्, टक्.

रंगीत शिंगांचा बैल ताडकन उठला. दमणीत दौलतरावही ताडकन उठले, वीस वर्षांच्या सवयीने, चाल पाहायला. दमणी हिसक्याने पुढे निघून गेली, आणि मेंबरसाहेब नवा फेटा घालून घोगऱ्या नाल्यात बसले.

एकतीस मतदार इतके हसले की दोघांना काठावरच बसावं लागलं. दिलावर हसला नाही. त्याने दमणी बाहेर काढली, मग पुन्हा पाण्यात उतरून दौलतरावांच्या बगलेत हात घातला आणि त्यांना उभं केलं. मेंबरसाहेब कुडकुडत होते.

"चला पाटील," तो म्हणाला. "घरी चला."

"कोनाच्या?"

"माह्या. परत घेतलं म्हन्लं ना."

संध्याकाळी दौलतराव दिलावरची लुंगी नेसून, त्याचाच दुपट्टा पांघरून ओसरीवरच्या बाजेवर बसले होते. हलिमाने त्यांच्यासमोर भाकरी आणि वांग्याची भाजी ठेवली होती आणि ते खाली मान घालून मुकाट्याने जेवत होते. मारोतराव दारात आला. तो आत येईना.

"दिलावरभाई, आपला व्यवहार मिटला," तो म्हणाला. "आता नाल्यावर उभं राह्याचं काम नाई तुमाले. जोडी घरी बांधा."

"अन् नाला?"

मारोतरावने उंबऱ्याकडे पाहिलं. "वाशीमचा एक वकील उभा हाय. थोबी रपटा देतो म्हन्ते. आमी म्हन्लं, तोंडाचं काही चालनार नाई, दुपट्ट्याखाली बोलू. पन मधात दिलावरभाई पाह्यजे." त्याने मान वर केली. "बसान ना तुमी मधात?"

दोन वर्षांनी दिलावरच्या दुपट्ट्याखाली हात घालायला कोणी येत होतं, आणि दुपट्टा तर दौलतरावांच्या अंगावर होता. त्याने डोळे पुसले, नाक ओढलं.

"बसतो," तो म्हणाला. "पन पहिले त्या वकिलाले नाल्यातून पायी चालू द्या. चाल पाहू द्या अगोदर."

मारोतराव हसत गेला. हलिमा चुलीपासून उठून दिलावरच्या मागे येऊन उभी राहिली आणि बाजेकडे बोट दाखवून हळूच म्हणाली, "अजी, हे किती दिवस राहीन आपल्या घरी?"

"दुसरं गिऱ्हाईक भेटेपर्यंत."

हलिमाने दौलतरावांकडे नीट निरखून पाहिलं. मग ती आत गेली, टोपल्यातली आणखी एक भाकरी घेऊन आली आणि त्यांच्या ताटात ठेवली.

"बसा पाटील," ती म्हणाली. "लवकर कोनी येत नाई."